बुधवारी कोण येतं

३ मार्च, सोमवार

कामाचा पहिला दिवस. गेट बाबांनी उघडलं. रोज तेच उघडतात, पण आज इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मी आत शिरताना ते उभे राहिले, मोठ्या बाईंसाठी राहतात तसे. मी म्हटलं, "बाबा, बसा हो." तर म्हणाले, "इथे बाबा नाही, पहारेकरी." मग गुडघा धरून हळूच बसले. याच गुडघ्यापायी ट्रक चालवणं सुटलं आणि बाबा या गेटवर आले.

आमच्या शिवणघरात शाळेचे गणवेश शिवले जातात. विजेचे खांब खालच्या वस्तीतच संपतात, म्हणून इथे आजवर जनरेटर होता. गेल्या वर्षी छपरावर सोलर बसलं. कागदावर सगळं उत्तम आहे. प्रत्यक्षात दुपार झाली की मशीन रडत चालतात आणि शेवटी जनरेटर सुरू करावा लागतो. हे का होतं ते शोधायला मला घेतलंय. मोठ्या बाई, म्हणजे संस्थेच्या अध्यक्ष, म्हणाल्या, "सोलर चाललं तर बायकांचं काम वाढेल. नाही चाललं तर पुढच्या वर्षी देणगी मागायला तोंड नाही आपल्याला." मी म्हटलं, चालेल. जरा जास्तच ठामपणे म्हटलं बहुतेक.

जनरेटर चालवणाऱ्याला सगळ्या धूरकाका म्हणतात. अंगाला डिझेलचा वास, आवाज खरवडलेला. मला बघून म्हणाले, "या इंजिनिअरबाई. आता आम्ही मोडीत." हसत म्हणाले, पण म्हणाले. दुपारी ते आणि बाबा गेटवर चहा पीत बसले होते. रोजच बसतात म्हणे.

४ मार्च, मंगळवार

सापडलं. दुसऱ्याच दिवशी सापडलं.

पॅनेल आणि बॅटऱ्या यांच्यामध्ये भिंतीवर डब्याएवढं यंत्र असतं, चार्ज कंट्रोलर. उन्हातून आलेलं बॅटरीला किती द्यायचं आणि कधी थांबायचं, ते हा ठरवतो. त्याला आधी सांगावं लागतं की बॅटरी कोणत्या जातीची आहे. आमच्या बॅटऱ्या पाणी घालायच्या आहेत आणि कंट्रोलरवर 'सीलबंद' निवडलेलं होतं. सीलबंद बॅटरीला कमी लागतं. म्हणजे हा पठ्ठ्या आमच्या बॅटऱ्यांना रोज अर्धपोटी उठवत होता. दोन बटणं दाबून धरली, जात बदलली, झालं.

बसवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस शपथेवर सांगतो की त्यांनी सेटिंग बरोबर ठेवलं होतं. मग बदललं कुणी? कंट्रोलर आहे जनरेटरच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात. तिथून दिवसभर एकच माणूस जातो-येतो.

मला कुणावर संशय घ्यायला आवडत नाही. पण जनरेटर बंद पडला तर कुणाचं काम जाणार, हा प्रश्न लहान मूलही विचारेल.

घरी जेवताना सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे कंट्रोलर म्हणजे सासूच. ताटात किती वाढायचं ती ठरवणार." बाबा जेवायचे थांबून ऐकत होते. मी म्हटलं, बुधवारी सुट्टी, शिवणघर रिकामं, त्या दिवशी कुणी काय खेचत असेल देव जाणे, आणि रिकाम्या पोटी राहिल्या की बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. मग आईने ट्रकच्या दिवसांची आठवण काढली. बाबा घरी आले की चपला काढण्याआधी ट्रकच्या बॅटरीची तार काढायचे. "बायकोपेक्षा बॅटरीची काळजी," ती म्हणाली.

नंतर मी कंट्रोलरचं माहितीपुस्तक वाचत बसले. बाबा काहीतरी विचारत होते, सुट्टीचं, तारेचं. मी हो म्हटलं. पुस्तकातली आकृती फार वाईट छापली आहे.

६ मार्च, गुरुवार

माझा अंदाज खरा ठरला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सकाळी कंट्रोलर पुन्हा 'सीलबंद'वर. आणि बॅटऱ्या जवळजवळ रिकाम्या. काल दिवसभर कडक ऊन, एकही मशीन चालू नाही, तरी रिकाम्या. भरलेल्या हंड्याचं पाणी रात्रीत नाहीसं व्हावं तसं. दोन गोष्टी झाल्या आहेत: कुणीतरी सेटिंग बदललं आणि कुणीतरी वीज खेचली. आणि तो कुणीतरी एकच आहे.

दुपारी जनरेटर लावावा लागला. धूरकाका खोकत खोकत दोरी ओढत होते. कापड कापणाऱ्या मावशी, ज्यांची जीभ कात्रीहून धारदार आहे, मला म्हणाल्या, "काय गं, परवा सापडलं होतं ना? हरवलं वाटतं परत." सगळ्या हसल्या. धूरकाकाही.

बाबांना गेटवर एवढंच सांगितलं, की काकांपासून जपून राहा.  चहाची वेळ झाली तेव्हा ते गेटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

१० मार्च, सोमवार

सेटिंग गुरुवारीच दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून बॅटऱ्या सुधारत आहेत. आज संध्याकाळपर्यंत मशीन नीट चालल्या.

सकाळी लवकर गेले तर शिडी लागलेली. वर धूरकाका, पॅनेलवर वाकलेले. मला बघून दचकले.

"काय करताय काका?"

"पुसतोय. धूळ बसते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? बसवलं तेव्हापासून पुसतो."

हातात ओलं फडकं होतं, हे खरं. पण पॅनेलच्या खाली जोडण्या असतात आणि फडकं कुणीही हातात धरू शकतं. ते उतरल्यावर मी वर जाऊन प्रत्येक जोडणी बघितली. सगळ्या घट्ट. काचा लख्ख होत्या. माणूस हुशार आहे.

११ मार्च, मंगळवार

आज पक्का बंदोबस्त केला. कंट्रोलरच्या बटणांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टी व डबा दोन्हींवर येईल अशी तिरकी सही केली. पट्टी फाडल्याशिवाय बटण दाबता येणार नाही. बॅटऱ्यांच्या खोलीला कुलूप असतंच आणि चावी बाबांच्या जुडग्यात. ती बाजू तरी सुरक्षित आहे. आता बुधवार येऊ दे.

१३ मार्च, गुरुवार

पट्टी जशीच्या तशी. सही जशीच्या तशी. कंट्रोलर 'सीलबंद'वर. बॅटऱ्या रिकाम्या.

मी बोळात उभी राहून ती पट्टी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. कंट्रोलरमधलं घड्याळही चुकीची वेळ दाखवतंय, जणू कुणी त्याला पुसून पहिल्यापासून सुरू केलंय. बटण न दाबता हे कसं जमलं? पट्टी वाफेने सोडवून परत चिकटवली असेल? खोटी सही? कॉलेजात शिकलेलं सगळं आठवून बघितलं. माणसाच्या कपटाचा धडा तिथे नव्हता.

मावशींनी विचारलं, "पोरी, तुझं यंत्र विसरभोळं तर नाही ना? आमच्या यांच्यासारखं? झोपेतून उठले की दोन मिनिटं स्वतःचं नावही सांगता येत नाही." मी म्हटलं, यंत्रं झोपत नाहीत मावशी.

घरी न राहवून बोलले, "अजूनही खेचतोय तो बुधवारी."

बाबा चमकले. "अजूनही? तरीही?"

"तरीही म्हणजे?"

तेवढ्यात आईने बाबांचा शर्ट आणून दिव्याखाली धरला. बाह्यांना बारीक बारीक भोकं. "नवा शर्ट. कपाटात कसर लागलीय. आता सगळे कपडे उन्हात घालायला हवेत." मग कसरीवर बोलणं गेलं ते गेलंच. झोपताना बाबा म्हणाले, "तू काळजी करू नकोस. मी आणखी पक्कं करतो." गेटबद्दल बोलत असावेत. बिचारे.

१४ मार्च, शुक्रवार

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. नाव घेतलं. घ्यायचं नव्हतं, पण त्यांनी विचारलं, "बोळात कोण जातं?" आणि उत्तर एकच होतं.

मला वाटलं होतं त्या एकांतात बोलतील. त्यांनी शिवणघरातच बोलावलं, मशीन चालू असताना. एकेक मशीन थांबत गेली. धूरकाका दारात उभे, हाताला काजळी.

"बाई, मी कशाला करीन?" ते म्हणाले. "जनरेटर चालला की मला काय मिळतं माहितेय? खोकला. सोलर बसवा म्हणून तुमच्या मागे कोण लागलं होतं, आठवा."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुरावा त्यांच्याकडेच बोट दाखवतो. माझा आवाज स्थिर होता. जनरेटरच्या खोलीची चावी त्यांच्याकडून काढून घेतली. गुरुवारी समिती बसेल तोवर त्यांनी यायचं नाही. बहुतेक काढूनच टाकतील. आपलीच चूक होत असेल तर काकांना दुसरी नोकरी कुठे मिळेल या वयात, असं कुणीतरी पुटपुटलं. कुणी ते कळलं नाही.

गेटवरून जाताना ते बाबांसमोर थांबले. बाबांनी गेट उघडलं आणि दुसरीकडे बघितलं.

खरं बोलायला धैर्य लागतं असं मी नेहमी म्हणते. आज ते होतं माझ्याकडे. मग जेवण का गेलं नाही?

१७ मार्च, सोमवार

बॅटऱ्या झकास. तीन दिवस जनरेटर नाही. काका नाहीत म्हणून, की मी शुक्रवारी पट्टी फाडून सेटिंग पुन्हा दुरुस्त केलं म्हणून? दोन्ही एकदमच झालं, त्यामुळे सांगता येत नाही. समितीला मात्र सांगता यायला हवं.

शिवाय पॅनेलवर धूळ दिसायला लागली आहे.

१८ मार्च, मंगळवार

ठरवलंय. उद्या सुट्टी आहे, मी बोळातल्या कापडाच्या ताग्यांमागे लपून बसणार. समितीपुढे पुरावा ठेवायचा तर डोळ्यांनी बघितलेला. काका चावीशिवायही मागच्या भिंतीवरून येऊ शकतात. घरी सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. बाबांनाही सांगितलं नाही. कुणालाच नाही. गुपित दोघांत गेलं की बाजार होतो.

मात्र मुख्य दाराची जास्तीची चावी मोठ्या बाईंकडून घेतली, तर त्या म्हणाल्या, "तो आला नाही तर?" मी म्हटलं, येईल.

१९ मार्च, बुधवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

सकाळी बाबा पहाऱ्याची फेरी मारायला मागे गेले तेव्हा आत शिरले. ताग्यांमागे बसण्याआधी कंट्रोलर बघितला, म्हणजे नंतर काय बदललं ते कळेल. त्यावर आधीच 'सीलबंद' होतं. घड्याळ पहाटेच सुरू झाल्यासारखं. आणि पडद्यावर जिथे बॅटरीचं चित्र असतं तिथे काहीच नाही. पॅनेल आहे, ऊन आहे, बॅटरी नाही. कंट्रोलरच्या दृष्टीने जगात बॅटरी नावाची वस्तूच उरली नव्हती.

वाटलं, बॅटऱ्याच चोरल्या. धावत त्या खोलीशी गेले. कुलूप शाबूत. खिडकीच्या जाळीतून बघितलं. बॅटऱ्या जागच्या जागी, ओळीत. फक्त शेवटची तार काढून बाजूला ठेवलेली. ठेवलेली म्हणजे कशी, तर तिच्या टोकाला फडकं गुंडाळून, वर दोरा बांधून, दुखरं बोट बांधावं तशी.

फडकं पिवळं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याचं. त्या पडद्यावरची पांढरी फुलं मी लहानपणी पेनाने निळी केली होती. जाळीतून एक निळं फूल दिसत होतं.

मी तिथेच बसले. मग सगळं आपोआप एकामागून एक येत गेलं, मी बोलावलं नाही तरी. रात्री ऊन नाही, त्यात बॅटरीही तोडली, म्हणजे कंट्रोलर संपूर्ण बंद. बंद पडला की हा स्वस्तातला कंट्रोलर शिकवलेलं विसरतो आणि कारखान्यातलं पहिलं सेटिंग धरतो. मावशींचं बरोबर होतं, झोपेतून उठलेल्या माणसासारखा. आणि बुधवारचं सगळं ऊन पॅनेलवर येऊन तिथेच थांबतं, बॅटरीपर्यंत पोचतच नाही. कुणी खेचलं नव्हतं. कुणी भरलंच नव्हतं. पट्टी, सही, सगळं ठीक होतं. मी चुकीच्या दारावर कुलूप लावून बसले होते.

शर्टाला कसर लागली नव्हती. बॅटरीतल्या ॲसिडचे थेंब होते ते.

बाबा मागून आले. मला बघून आधी घाबरले, मग हसले. "तू इथे? तपासायला आलीस होय. बघ, पक्कं केलंय. दोन आठवडे नुसती तार काढत होतो. तू म्हणालीस तरीही खेचतोय, म्हणून आता टोकही बांधलं. त्याने आकडा टाकला तरी काही हाती लागायचं नाही."

"कधीपासून बाबा?"

"पहिल्या बुधवारपासून. तू म्हणालीस ना, बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात. उभ्या गाडीची तार काढून ठेवावी, हा तर साधा नियम. पहिल्या वेळी बुधवारी सकाळी काढली, नंतर मंगळवारी संध्याकाळीच काढतो, गुरुवारी पहाटे लावतो. तुझं काम सुरू व्हायच्या आत."

"मला सांगायचं तरी."

"विचारलं होतं की. त्या रात्री जेवल्यावर. तू हो म्हणालीस."

मी म्हणाले, मला असं काही आठवत नाही. पण या वहीची मागची पानं मी अजून उलटलेली नाहीत. बाबा खोटं बोलत नाहीत.

ट्रक उभा असला की त्याला कुणी भरत नाही, फक्त गळती होते, तिथे तार काढणं शहाणपण. इथे उभं राहण्याचा दिवसच भरण्याचा दिवस असतो. मी हे बाबांना सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा खाली खाली गेला. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे त्याने काहीच केलं नाही?"

"नाही."

"मग मी तोंड फिरवलं त्याच्याकडून."

२० मार्च, गुरुवार

रात्रभर आईने एकच वाक्य चार तऱ्हांनी सांगितलं: खरं सांग, पण बाबांची नोकरी सांभाळून सांग. दोन्ही एकाच वाक्यात बसत नव्हतं.

समिती कापणीच्या मोठ्या टेबलाशी बसली होती. धूरकाका स्वच्छ सदरा घालून आले होते, बडतर्फीला जाताना माणूस नटतो तसे. मी म्हटलं, आधी मशीन थांबवा. गेल्या वेळी सगळ्यांनी ऐकलं होतं, आजही सगळ्यांनी ऐकावं.

मग सांगितलं. काकांनी काही केलेलं नाही. बुधवारी बॅटरीची तार काढली जात होती, ती माझ्या हो म्हणण्यावरून. न ऐकता हो म्हटलं होतं. आणि नंतर बॅटऱ्यांच्या खोलीत एकदाही गेले नाही, कारण तिची चावी माझ्या माणसाकडे होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तार काढली कुणी?"

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. "मी." बाबा लंगडत आत आले होते.

मावशी म्हणाल्या, "आणि गेटवर कोण आहे मग?" कुणी हसलं नाही, पण श्वास सुटले.

मोठ्या बाईंनी कागद पुढे ओढून काहीतरी लिहिलं. नंतर म्हणाल्या, दोघांनाही लेखी ताकीद, बापलेकीला, आणि बॅटऱ्यांच्या खोलीची चावी यापुढे धूरकाकांकडे. जनरेटरची चावी त्यांनी टेबलावर ठेवली. काकांनी ती लगेच उचलली नाही. ते बाबांना म्हणाले, "पोरगी नवी आहे. तिला मी कोण? तुम्ही तर रोज चहा प्यायचात माझ्याबरोबर."

"तिने सांगितलं, तू करतोस."

"आणि तुम्ही मानलंत."

  काका चावी घेऊन गेले ते सरळ शिडीकडे. पॅनेलवर आठवड्याची धूळ होती.

मी खाली जाऊन शिडी धरली. त्यांनी वरून बघितलं. "सोडा इंजिनिअरबाई. इतके दिवस कुणी धरली नव्हती." मी सोडली नाही. ते फडकं पिळून पुसायला लागले.

२६ मार्च, बुधवार

तार जागेवर, सेटिंग गेल्या गुरुवारीच दुरुस्त केलेलं. दिवसभर ऊन बॅटऱ्यांत जात होतं आणि दुपारनंतर कंट्रोलरचा लुकलुकणारा दिवा पहिल्यांदाच स्थिर झाला. भरल्या. मी तीन आठवडे याच दिव्याची वाट बघत होते. बोळात एकटीने बघितला. बटणांवरची फाटकी पट्टी नखाने खरवडून काढली. सहीचा शेवटचा तुकडा निघत नाही.

दुरुस्ती झाली, हे सांगायला गेटवर गेले. सुट्टी असली तरी पहाऱ्याला बाबा होतेच. स्टुलावर चहाचे दोन पेले, एक भरलेला, एक उपडा. काल आणि परवाही तसाच होता म्हणे. काका समोरून जातात, मान हलवतात, थांबत नाहीत. आज तर सुट्टी, ते येणारच नव्हते. तरी दोन पेले.

मी शेजारी बसले आणि माहितीपुस्तक उघडलं. पुढच्या महिन्यात पाणी कधी घालायचं ते बघायचं होतं. बाबा काहीतरी विचारत होते.

मी पुस्तक मिटलं. "काय म्हणालात बाबा? परत सांगा."

"म्हटलं, त्याचं घर खालच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीमागे. माझ्या गुडघ्याने तो चढउतार होत नाही. तू जाशील का?"

"जाऊन काय सांगू?"

बाबांनी उपडा पेला सुलटा केला आणि शर्टाच्या भोकांच्या बाहीने आतून पुसला. "ते मला विचारू नकोस. मला कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं नसतं."

एवढं लिहून उठते आहे. अजून उजेड आहे.